डबा भरताना सहा वाजलेले असतात, उघडताना पावणेदहा

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी दुसरीत, शाळा सकाळची, साडेसहाला व्हॅन खाली येते आणि खाण्याची सुट्टी पावणेदहाला. बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट ड्युटी, त्यामुळे डबा तुम्हीच भरता. घरी ती वाफाळता वरणभात आणि तव्यावरची पोळी आनंदाने खाते, शाळेतून मात्र डबा जवळजवळ तसाच परत येतो. विचारलं की एकच उत्तर, "थंड होता." म्हणून तुम्ही विचारलंय की गरम राहणारा कुठला डबा घ्यावा आणि त्यात काय द्यावं.

मी मुलुंडला पाळणाघर चालवते. मुलं शाळेतून थेट माझ्याकडे येतात, त्यामुळे परत आलेले डबे रोज माझ्या ओट्यावर उघडतात. काही मुलांचे डबे पहाटे मीच करून देते, म्हणजे भरलेला डबाही मी बघते आणि उरलेलाही. त्यावरून सांगते, "थंड होता" हे मुलांचं सगळ्यांत सोपं उत्तर आहे. पोळी वातड झाली, भाताचा गोळा झाला, झाकण उघडलं नाही, शेजारच्या मुलाने नाक मुरडलं, हात धुवायच्या रांगेतच सुट्टी संपली, यातलं काहीही झालं तरी सात वर्षांचं मूल "थंड होता" असंच म्हणतं. ते पटकन सांगता येतं आणि मोठ्यांना पटतंही. त्यामुळे नवा डबा आणल्यावर प्रश्न पूर्ण सुटेल, अर्धा सुटेल किंवा अजिबात सुटणार नाही. तिच्या बाबतीत नक्की काय बिघडतंय त्यावर ते आहे.

ते शोधायला एक रविवार पुरतो. नेहमीचा डबा नेहमीच्याच वेळी भरा, तिच्या दप्तरात ठेवा आणि पावणेदहाला उघडून तुम्ही स्वतः खा. गरम करायचा नाही, ताटात काढायचा नाही. तिच्याच चमच्याने, दहा मिनिटांत. तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी हेच करायला सांगते, आणि बहुतेकांना उत्तर त्या डब्यातच मिळतं. आपण पदार्थ चाखतो तो गॅसवरून उतरवताना. तिच्या तोंडात तो जातो पावणेचार तासांनी. डब्याचा स्वयंपाक करताना नजर उघडण्याच्या वेळेवर हवी. तिखटमीठ, पाणी, शिजणं, तूप, सगळं त्या वेळेच्या हिशोबाने ठरवायचं. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

आता डब्याकडे येऊ. दुकानात "गरम राहणारा" म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि बाहेरून त्या सारख्याच वाटू शकतात. एक म्हणजे बाहेर प्लास्टिक, आत स्टीलची वाटी आणि मध्ये फोम किंवा नुसती हवा. दुसरी म्हणजे संपूर्ण स्टीलची दुहेरी भिंत, मधली हवा काढून टाकलेली, म्हणजे रुंद तोंडाचा थर्मासच. पहिल्या प्रकारात सहा वाजता भरलेलं पावणेदहाला कोमट मिळतं. दुसऱ्यात नीट भरलेलं खरोखर गरम मिळतं. किमतीत बराच फरक आहे, पण तुमच्या वेळापत्रकाला दुसराच उपयोगाचा. भुलेश्वरच्या भांड्यांच्या दुकानांत दोन्ही समोरासमोर ठेवून बघता येतात, ऑनलाइन फोटोवरून कळत नाही.

आणि हा फरक फक्त चवीचा नाही. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं नाहीतर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि बाहेर ठेवलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसंच ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोमट ठेवणारा डबा ओल्या अन्नाला नेमका त्या मधल्याच तापमानात तासन् तास बसवून ठेवतो. भाताची आणखी एक गोष्ट आहे. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते जागे होतात आणि वाढतात. त्यातल्या काहींनी तयार केलेलं, उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी देऊन डब्यात द्यायचा, हे मुंबईच्या हवेत करू नका. करायचाच असेल तर भात जेवणं झाल्या झाल्या पसरट ताटलीत गार करून तासाभराच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि सकाळी पूर्ण वाफ येईपर्यंत परता. मग फोडणीचा भात डब्याला चांगला.

पोळी, कोरडी भाजी, चटणी यांत पाणी कमी असतं, म्हणून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या प्रवासाला आणि डब्याला तेच दिलं गेलं. वरणभात, खिचडी, ओलं खोबरं, अंडं, दुधातलं काही, यांचं तसं नाही. तेव्हा माझ्याकडे सरळ विभागणी आहे. ओला पदार्थ गरम थर्मास-जारमध्ये, नाहीतर डब्यात नाहीच. कोरडा पदार्थ साध्या स्टीलच्या डब्यात, आणि तो असा निवडायचा की गार झाल्यावरही मऊ राहील.

जार घेताना दुसरीच्या मुलीला ३०० मिलीच्या आसपासचा पुरे. मोठा घेऊ नका. जार अर्धा रिकामा राहिला तर आतलं लवकर निवतं. शिवाय मोठा डबा बघूनच कमी खाणारं मूल दडपतं. झाकण तिला स्वतःला उघडता यायला हवं. हे दुकानात तपासून कळत नाही, कारण रिकामा जार सगळ्यांनाच उघडतो. गरम भरून बंद केला की आतली वाफ निवताना झाकण आत ओढलं जातं आणि मोठ्यांनाही ताकद लावावी लागते. झाकणावर हवा सोडायचं छोटं बटण असलेले जार मिळतात, तसाच घ्या. भरल्यावर अर्धा मिनिट थांबून झाकण लावा आणि आपल्या मनगटाच्या जोराने आवळू नका. मग घरी, गरम भरलेला जार, दोन-तीन तासांनी, तिच्या हातात द्या. उघडला तरच शाळेत पाठवा. न उघडलेला जार जसाच्या तसा परत येतो, बाईंना सांगायला मूल लाजतं, आणि घरी उत्तर तेच: "थंड होता."

भरण्याची पद्धत शिका, कारण जार स्वतः काही गरम करत नाही, दिलेली उष्णता फक्त धरून ठेवतो. उठल्या उठल्या पाणी उकळत ठेवा. उकळतं पाणी जारमध्ये काठोकाठ भरून झाकण टेकवा आणि दहा मिनिटं विसरून जा. तेवढ्यात खिचडी तयार होते. ती कुकरमधून काढून, ओट्यावर ठेवून, मग भरायची नाही. पातेल्यात पुन्हा उकळी फुटू द्या, जारमधलं पाणी ओता, आत फडकं फिरवत बसू नका, आणि रटरटती खिचडी थेट जारमध्ये, झाकणाच्या आट्यांपर्यंत. गार जारमध्ये कोमट खिचडी भरून "महागाचा घेतला तरी गरम राहत नाही" म्हणणारे बरेच पालक मला भेटतात. जार चांगला आहे का हे बघायचं असेल तर उकळतं पाणी भरून अर्ध्या तासाने बाहेरून हात लावा. अंग गरम लागलं तर मधली पोकळी गेलेली आहे, दुकानदाराकडून बदलून घ्या.

एक काळजी. नीट भरलेली खिचडी पावणेदहालाही जीभ पोळेल इतकी गरम असू शकते. घरी आपण ताटात पसरून वाढतो, फुंकर मारून भरवतो. जारमध्ये ती तशीच खोल गरम असते आणि भुकेलं मूल पहिलाच चमचा तोंडात घालतं. त्या पोळलेल्या घासानंतर जारवरचा विश्वास उडतो तो परत येत नाही. म्हणून जारसोबत एक छोटी स्टीलची वाटी द्या आणि थोडं थोडं वाटीत काढून खायचं हे घरी एक-दोन दिवस जारमधूनच जेवू घालून शिकवा.

आत काय द्यायचं, हा खरा मोठा विषय आहे. तिला वरणभात आवडतो म्हणता, तर सुरुवात मऊ मुगाच्या खिचडीने किंवा कालवलेल्या वरणभातानेच करा. पण घरच्यापेक्षा खूप सैल. बंद जारमध्ये भात पाणी शोषत राहतो, घट्ट होत जातो. घरी तुम्ही तांदूळ-डाळीच्या तिप्पट पाणी घालत असाल तर जारसाठी साडेचार-पाच पट घाला. भरताना ती पळीवरून सरकन ओघळली पाहिजे, "ही जरा पातळच झाली" असं तुम्हाला वाटलं पाहिजे, म्हणजे पावणेदहाला ती ताटातल्या खिचडीसारखी मिळेल. तूप शेवटी, भरताना. मीठ हळद नेहमीचं, पण मिरची, आलं, लसूण घरच्यापेक्षा कमी. बंद गरम डब्यात त्यांचा वास कोंडतो आणि झाकण उघडताच पहिला तोच येतो.

भाज्यांचं फार कमी लोकांच्या लक्षात येतं. खिचडीत मटार घातले तर सहा वाजता ते हिरवेगार असतात. तीन तास उष्णतेत बंद राहिले की हरितद्रव्याचा रंग बदलून ते मळकट खाकी दिसतात. पालकाचंही तेच. नखरे करणारं मूल आधी डोळ्यांनी खातं, आणि घरी हिरवे मटार खाणारी मुलगी शाळेत ते खाकी मटार बघून डबा बंद करते. तिच्या दृष्टीने तो वेगळाच पदार्थ असतो, आणि दिसायला तो असतोही. गाजर, लाल भोपळा, टोमॅटो यांचा रंग टिकतो. ते घाला. कोबी आणि फ्लॉवर जारमध्ये अजिबात नको, जास्त वेळ गरम राहिले की त्यांचा उग्र वास सुटतो आणि तो सगळ्या बाकावर पसरतो. वर्गात एकाने "ई, कसला वास" म्हटलं की पुढचे पंधरा दिवस तो पदार्थ मूल तोंडाला लावत नाही. मुलांची ही लाज खरी असते, तिला "त्यात काय एवढं" म्हणू नये. अंडाकरी, बोंबील, मुळा हे शनिवार-रविवारी घरी.

खिचडीखेरीज जारमध्ये चांगले राहणारे पदार्थ: मेतकूट-तूप घातलेला मऊ भात, सैलसर उपमा, शेवयांचा उपमा, मटकीची किंवा मुगाची रसदार उसळ, टोमॅटोचं सार आणि भात एकत्र करून, पास्ता तिला आवडत असेल तर तोही भरपूर रश्शात. उपमा नेहमीच्या दीडपट पाण्यात करा, नाहीतर चमचा उभा राहतो. पोहे जारमध्ये चांगले होत नाहीत, वाफेने लगदा होतो. साबुदाण्याची खिचडीही नाही, चिकटून गोळा होतो. थालीपीठ, वडे, कटलेट, काहीही कुरकुरीत असलेलं गरम बंद डब्यात घालायचं नाही. खीर, दुधातला भात, व्हाइट सॉस अशा दुधाच्या गोष्टी थर्मासमध्ये द्यायच्या नाहीत, त्या लवकर नासतात आणि रबराच्या रिंगमध्ये वास धरून बसतात. ती रिंग रोज काढून धुवा. जार स्वच्छ दिसतो आणि वास मात्र रिंगमधून येत राहतो, हे अनेक घरांत कळतच नाही.

आता पोळी, कारण पाच दिवस खिचडी चालणार नाही. पोळी गरम ठेवण्याच्या मागे लागू नका. जारमध्ये ती घामेजते, फोमच्या डब्यातही घामेजते. तिला मऊ ठेवणं जमतं. गव्हातला स्टार्च शिजताना पाणी धरतो आणि गार होताना पुन्हा घट्ट बसतो, वातडपणा त्याचा. तो लांबवता येतो. कणीक कोमट पाण्यात, चालत असेल तर निम्मं पाणी निम्मं दूध घेऊन, नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. घडीला तेलाऐवजी तूप लावा. तवा चांगला तापलेला हवा, मंद आचेवर पोळी भाजत राहिलात तर तिच्यातलं पाणी उडून जातं आणि ती तव्यावरच कडक व्हायला लागते. उतरवल्यावर तूप लावून जाळीवर किंवा कापडावर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग जुन्या मऊ सुती रुमालात घडी करून स्टीलच्या डब्यात ठेवा. फॉइलमध्ये गरम पोळी गुंडाळली की वाफेचं पाणी आतच राहतं आणि मधला भाग ओला चिकट होतो. तोच घास पहिला हाताला लागतो.

पहाटे साडेपाचला एकट्याने पोळ्या लाटणं जमत नसेल, आणि पोळ्यांच्या मावशी बहुतेक घरी आठनंतरच येतात, तर रात्रीच्या पोळ्या वापरा. मात्र पोळी-भाजी म्हणून नको, नवा पदार्थ करून. रात्रीच्या पोळीचा कुस्करा ताकाचा शिपका मारून, झाकण ठेवून वाफवला की छान मऊ होतो आणि गरमागरम जारमध्येही चांगला राहतो. त्याहून सोपं म्हणजे गूळ-तूप घालून पोळीचा लाडू. हा गारच खायचा असतो, हाताला लागत नाही, पाच मिनिटांत दोन लाडू संपतात. माझ्याकडे नखरेल मुलांच्या डब्यांत सर्वांत कमी परत येणारा पदार्थ हाच आहे. बेकरीतून सकाळी येणारा लादी पावही विसरू नका. तो गारच मऊ असतो. बटाट्याची कोरडी, कमी तिखट भाजी आत भरून अर्धा पाव दिला की मुंबईच्या मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. आंबोळी आणि इडली आंबवलेल्या पिठामुळे बराच वेळ मऊ राहतात. इडली तूप-मेतकूट लावून द्या, ओल्या खोबऱ्याची चटणी नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती डबा उघडेपर्यंत आंबू शकते.

ऋतूवरून आठवलं. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा पावसात भिजून वर्गात बसलेल्या मुलांना गरम खिचडी खरोखर हवी असते. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर पंख्याखाली घामाघूम बसलेल्या मुलांना तीच नकोशी होते. तेव्हा जार बाजूला ठेवून लाडू, पाव, इडली यांवर या. "गरमच हवं" असं तिने पावसाळ्यात सांगितलं असेल तर ते बारा महिन्यांचं समजू नका.

तिच्या नखऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की नवीन काही दिलं तर हातही लावत नाही. साधारण दोन ते सहा वर्षांत नव्या पदार्थांना नकार देण्याचा स्वभाव सगळ्यांत जोरात असतो, काही मुलांत तो पुढेही राहतो. नवा पदार्थ स्वीकारायला मुलांना तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ते समोर येणं घरी व्हावं. शाळेची दहा मिनिटं, गोंगाट, ओळखीचं मोठं माणूस जवळ नाही, अशा वेळी नवा पदार्थ देणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं. डब्यात तिला आधीपासून आवडणारंच द्या, त्याच त्या तीन-चार पदार्थांची फिरवाफिरव झाली तरी बिघडत नाही. नवं काही असेल तर संध्याकाळी, खेळून भूक लागलेली असताना, तुमच्याच ताटातून, एक घास, आग्रह न करता. घरी चार-पाच वेळा मजेत खाल्लं की मग डब्यात त्याची चिमूट.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक विभागणी मांडली आहे, तिचा मला पाळणाघरात फार उपयोग झाला. काय द्यायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे हे ऐकायला कठीण जातं, "संपव सगळं" म्हणतच आपण वाढलो. पण डब्याच्या बाबतीत तसंही दुसरं काही आपल्या हातात नसतं. ती घरी आली की दारातच "डबा संपवलास का?" विचारू नका. रोज त्या प्रश्नाला तोंड द्यायचं म्हणून मुलं डबा कचऱ्यात टाकतात, मैत्रिणीला देतात, खोटं बोलतात, हे मी बघते. चप्पल काढू द्या, पाणी पिऊ द्या, मग डबा धुताना सहज विचारा, "आज कोणाशेजारी बसून खाल्लंस? कोणी काय आणलं होतं?" खरी माहिती त्या गप्पांतून येते. झाकण अडकलं होतं, चमचा खाली पडला, रिया म्हणाली तुझी भाजी चिखलासारखी दिसते. असं काही कळलं की उपाय पाच मिनिटांचा असतो.

दोन गोष्टी पदार्थाच्या बाहेरच्या आहेत. एक, सकाळी निघताना ती काय पिते? मोठा कप चॉकलेट पावडरचं दूध आणि चार बिस्किटं सव्वासहाला पोटात गेली असतील तर पावणेदहाला तिला भूकच नसेल, आणि डबा कितीही गरम असला तरी परतच येईल. दूध अर्धा कप करून बघा, उरलेलं संध्याकाळी द्या. दोन, सुट्टी नक्की किती मिनिटांची आहे आणि त्यातली हातात किती उरतात हे वर्गशिक्षिकेला विचारा. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत खायला सात-आठ मिनिटं मिळत असतील तर अर्धी वाटी खिचडी आणि एक लाडू एवढाच तिचा डबा. आपण आपल्या अंदाजाने दोन पोळ्या भरतो आणि दीड परत आली म्हणून काळजी करतो. कमी भरा. रिकामा डबा घरी आणण्याचा आनंद मुलांना फार असतो, आणि तो मिळाला की ती स्वतःच "उद्या थोडं जास्त दे" म्हणतात.

तुमची परिस्थिती वेगळी असती तर माझं उत्तरही वेगळं असतं. दुपारची शाळा असलेल्या मुलांना मी जार घ्यायला सांगत नाही. ती साडेअकराला घरी गरम जेवून निघतात, त्यांना चार वाजता कोरडा खाऊ पुरतो. दिवसभराची शाळा असेल आणि जेवणाची सुट्टी साडेबारा-एकला असेल तर डबेवाल्यांचा पर्याय विचारात घ्यावा. १८९० पासून मुंबईत ही सेवा चालू आहे, घरून नऊ-दहाच्या सुमाराला निघालेला ताजा डबा जेवणाच्या वेळेला पोचतो. तुमच्या विभागातून त्या शाळेकडे त्यांची फेरी आहे का आणि शाळा बाहेरून आलेला डबा घेऊ देते का, हे दोन्ही आधी विचारावं लागतं. पावणेदहाच्या सुट्टीला मात्र त्यांचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. घरी ती पोटभर जेवते, वजन-उंची वाढते आहे, खेळते आहे, तर डबा परत येणं हा फक्त डब्याचा प्रश्न आहे. पण घरीही मोजकेच पदार्थ खात असेल आणि तेही हळूहळू कमी होत असतील, घास गिळताना अडकत असेल, ओकारी येत असेल, वजन थांबलं असेल, किंवा सतत थकलेली, फिकट दिसत असेल, तर पदार्थ बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शी घट्ट होत असेल तर तेही त्यांना सांगा. शाळेतल्या अस्वच्छ संडासात जायचं नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या, पोट साफ न होणाऱ्या आणि त्यामुळे भूक मेलेल्या मुली मी बऱ्याच बघितल्या आहेत. हे डब्यावरून कधीच ओळखता येत नाही, विचारावंच लागतं.

पहिल्या आठवड्यात सोमवारी जार नको. रविवारी तुम्ही स्वतः खाऊन बघितलेलं असेल, सोमवार-मंगळवार साध्या डब्यात पोळीचा लाडू आणि बटाट्याची कोरडी भाजी भरलेला पाव द्या, प्रमाण निम्मं. तोपर्यंत जार आणून घरी रात्रीचा वरणभात तिला त्यातूनच, स्वतः उघडून, वाटीत काढून खाऊ द्या. बुधवारी शाळेत जाईल ती सैल मुगाची खिचडी, मटार न घालता, गाजर किसून, वर तूप. सोबत वाटी, छोट्या दांड्याचा चमचा आणि एक कोरडा रुमाल. गुरुवारी मला कळवा किती परत आलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत आलेलं कसं दिसत होतं: घट्ट, कोरडं, की हात न लावलेलं. त्यावरून पुढचं सांगता येईल.